गच्चीवरचा बांध

जाऊबाई, पिकअप निघाली तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होता, ते मला दिसलं होतं. मी पण रडतच होते, पण मला नीट रडता येईना, कारण माझ्या मांडीवर पाटा, पायाशी वरवंटा आणि पाठीला कांद्याची गोणी होती. नाशिकला काय न्यायचं यावरून आदल्या दिवशी घरात केवढं रामायण झालं होतं ते तुम्हाला आठवत असेल. पिंकीचे पप्पा बिचारे सांगून सांगून थकले, की फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, सामान कमी घ्या. आणि आत्याबाई, आपल्या दोघींच्या सासूबाई, त्यांच्याकडे पाठ करून एकेक गोणी गाडीत चढवायला लावत होत्या. घरचा उन्हाळ कांदा सोडून चांदवडकडच्या माणसानं शहरात कांदा विकत घ्यायचा, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं भीक मागण्यासारखंच होतं. शेवटी गाडीत माणसांपेक्षा कांदा जास्त झाला आणि पिंकीला गोण्यांवर बसवावं लागलं.

निघण्याआधी माझी आई भेटायला आली होती. ती म्हणाली, "घर बांधणाऱ्याचं नसतं गं, सारवणारीचं असतं." मला ते लगेच पटलं. फ्लॅटची चकचकीत फरशी सारवायची कशी, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

ते घरकुल कसं मिळालं हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पण मला अजून सांगावंसं वाटतं. पिंकीचे पप्पा नाशिकच्या अंबडला कंपनीत लागले तेव्हापासून नाल्याकडेच्या पत्र्याच्या खोलीत एकटे राहत होते. त्या वस्तीतल्या लोकांसाठी सरकारी घरांची सोडत निघाली, त्यात आमचं नाव आलं. आणि नियम असा, की घर बाईच्या नावावर. कागदावर माझं नाव वर, त्यांचं खाली. माहेरचं घर वडिलांचं, सासरचं मामंजींचं, माझ्या नावावर आजवर रेशनकार्डातली एक ओळ होती फक्त. किल्ली हातात आली त्या दिवशी मी ती पर्समध्ये न ठेवता मंगळसूत्राला अडकवली होती, खोटं नाही सांगत. यांना त्याचा राग नव्हता, पण तेव्हापासून एक सवय लागली. घरात काही बिघडलं की म्हणायचे, तुझ्या घराचा नळ गळतोय, तुझ्या घराची कडी बसत नाही. टीव्ही लागला की मात्र तो आपल्या घरातला टीव्ही.

आता बिल्डिंगचं ऐका. सगळी आमच्यासारखीच माणसं. कोणी सिन्नरकडचं, कोणी पेठचं, खालच्या मजल्यावर आमच्या बरोबर खाली घोटीच्या मावशी, तळमजल्यावर सोनवणे भाऊ, पहिल्यावर गवंडीकाम करणारे सलीमभाई. प्रत्येकाचं घर आतून लखलखीत. दाराबाहेर पाऊल टाकलं की उकिरडा. कारण आतलं घर आपलं, आणि जिना सरकारचा! आम्ही चौथ्या मजल्यावरचे आमचा केर तिसऱ्यावर लोटायचो, तिसऱ्यावरचे दुसऱ्यावर, आणि शेवटी सगळ्या बिल्डिंगचा केर सोनवणे भाऊंच्या उंबऱ्याशी जमा व्हायचा. ते रोज सकाळी दार उघडून वर बघत बराच वेळ बोलायचे. काय बोलायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गावाकडं पावसाच्या आधी आपण कौलं चाळायचो, भिंतींना पोतेरा द्यायचो, पन्हळी साफ करायचो, तेव्हा कोणी येऊन सांगावं लागत नव्हतं. इथं त्याला मेंटेनन्स म्हणतात. मेंटेनन्ससाठी आधी सोसायटी लागते, सोसायटीसाठी मीटिंग लागते, आणि मीटिंगला माणसं लागतात. पहिल्या मीटिंगला जी चारदोन टाळकी आली त्यांनी एकमतानं पिंकीच्या पप्पांना चेअरमन केलं, कारण ते सेकंड शिफ्टला होते आणि नाही म्हणायला तिथं नव्हते. घरी आल्यावर त्यांना ही बातमी कळली तेव्हा ते ताटावरून उठले. दुसऱ्या मीटिंगला चेअरमन सोडून कोणीच आलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, सरकारनं दिलंय, सरकार बघून घेईल.

तर आत्याबाईंना काही करमेना. दार लावून घ्यायची पद्धत त्यांना पटत नव्हती, संडास घरात हे तर त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. एक दिवस त्या गच्चीवर गेल्या आणि खाली आल्या त्या वेगळ्याच तोंडानं. एवढी रिकामी, सपाट, उन्हाची जागा, आणि कोणी काहीच करत नाही, लोकांना लाज कशी वाटत नाही, असं त्या दोन दिवस बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी कुठून तरी बांबू आणवले, विटा मांडल्या आणि गच्चीवर आपल्या शेतात आहे तशी कांदा साठवायची चाळ उभी केली, छोटीशी, पण वारा खेळेल अशी. चौथ्या मजल्यावर चढवलेल्या गोण्या आणखी एक जिना वर गेल्या. चाळ बघायला बायका आल्या आणि बघता बघता गच्चीचं गाव झालं. घोटीच्या मावशींनी तांदूळ पसरले, पेठच्या ताईंनी नागलीचे पापड घातले, कोणी मिरच्या, कोणी कुरडया. मीटिंगला न येणारी सगळी बिल्डिंग गच्चीवर भेटायला लागली. मला तर फार बरं वाटलं होतं.

मग पाऊस लागला. चाळीवर प्लॅस्टिकचा कागद टाकलेला होता, पण गच्चीच्या उतारानं पाणी चाळीखालून वाहायला लागलं. आता शेतकऱ्याच्या बाईनं पाणी पिकाकडं येताना बघितलं तर ती काय करेल? आत्याबाईंनी मागच्या मोकळ्या प्लॉटमधून घमेल्यानं माती आणली, थोडी थोडी, कोणाला न सांगता, आणि गच्चीवर बांध घातला. चांगला तुडवून पक्का केलेला बांध. पाणी वळलं, कांदा कोरडा राहिला. फक्त जिकडं वळलं तिकडं पाणी खाली जायला पाइपाचं तोंडच नव्हतं, आणि जिकडं होतं ते कांद्याच्या टरफलांनी गच्च बुजलेलं. सरकारनं आयुष्यभर सांगितलं, पाणी अडवा, पाणी जिरवा. आत्याबाईंनी गच्चीवर अडवलं आणि ते आमच्या स्वयंपाकघरात जिरलं.

आधी छताला ओल आली, मग पोपडे, मग थेंब. गॅसवर एक पातेलं स्वयंपाकाचं आणि शेजारी एक पाण्यासाठी. आमच्या घरातून ते पाणी भिंतीनं खाली घोटीच्या मावशींकडं गेलं. आम्ही सगळे मिळून कंत्राटदाराला शिव्या देत होतो. सगळ्यात जास्त शिव्या आत्याबाई देत होत्या, की मेल्यानं सिमेंट खाल्लं. घरकुलाच्या ऑफिसात गेलो तर तिथल्या साहेबांनी सांगितलं, की बिल्डिंग तुमच्या ताब्यात दिलीय, देखभाल तुमची, तुमच्या चेअरमनला भेटा. चेअरमन माझ्या शेजारीच उभे होते.

तेव्हापासून बिल्डिंगला कुलपं लागायला सुरुवात झाली. तिसऱ्यावरचं एक कुटुंब घर बंद करून जुन्या वस्तीत गेलं. घोटीच्या मावशींनी भांडी बांधायला काढली. आणि एका संध्याकाळी पिंकीचे पप्पा म्हणाले, तुझ्या घराला कुलूप लावू. मी अंबडला पुन्हा खोली बघतो, तुम्ही तिघी गावी जा. ते रागानं नाही बोलले, दमून बोलले, म्हणून मला जास्त लागलं. मी त्या रात्री जेवले नाही. जाऊबाई, गावी यायला मला कमीपणा नव्हता. पण जन्मात एकदा माझ्या नावाचं दार झालं होतं आणि त्याला मीच कुलूप लावून यायचं, हे माझ्याच्यानं होत नव्हतं.

जायच्या आधी एक शेवटचा प्रयत्न म्हणून मी ऑफिसात जाऊन बसले, इतकी बसले की कंटाळून त्यांनी एक तरुण इंजिनिअर माझ्याबरोबर धाडला. तो गच्चीवर आला. आम्ही सगळे मागं. चाळीला एक चक्कर मारून तो बांधापाशी थांबला. बांधावर मेथी उगवली होती.

"इथं शेती कोणाची आहे?" त्यानं विचारलं.

 मग आत्याबाई पुढं झाल्या आणि सरळ म्हणाल्या, बांध मी घातलाय, पाणी चाळीत शिरत होतं. त्यांच्या आवाजात जरासा अभिमानच होता. त्या पोरानं हसू दाबलं, पण मग नीट समजावलं, की बिल्डिंगचं बांधकाम चांगलं आहे, पण असं पाणी साचत राहिलं तर स्लॅबच्या सळया गंजतील आणि काही वर्षांत ही बिल्डिंग राहण्यालायक उरणार नाही. तुमच्या नातवंडांना हे घर मिळायला हवं असेल तर वर्षाला एकदा तरी गच्चीकडं सगळ्यांनी बघायला लागेल. एवढं सांगून तो गेला. कंत्राटदाराला दिलेल्या शिव्या आता परत कशा घ्यायच्या, असं सगळ्यांचं तोंड झालं होतं.

आत्याबाई खाली येऊन भिंतीकडं तोंड करून झोपल्या. मला गावी सोडा, मी सुनेचं घर बुडवलं, एवढंच बोलत होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि आलाही होता, पण त्यांना असं बघून तो टिकला नाही. मी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. तेव्हा मी घाबरले, कारण आत्याबाईंनी चहा नाकारलेला मी लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या, नवं लुगडं नेसल्या, हातात हळदीकुंकवाची कोयरी घेतली आणि जिना उतरल्या. मला वाटलं निघाल्या गावाला. पण त्या दारोदार गेल्या. सोनवणे भाऊंपासून वरपर्यंत एकही दार सोडलं नाही. कुंकू लावायच्या, सलीमभाईंच्या घरी नुसता नमस्कार केला, आणि सगळ्यांना एकच सांगायच्या.

"रविवारी माझ्या घरी सावड हाय. या."

झालं! मेंटेनन्स म्हटल्यावर ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांना सावड बरोबर ऐकू आली. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या रानात, हे सांगायला कोणाला नोटीस लागत नाही. घोटीकडं भाताच्या आवणीला, आपल्याकडं कांद्याच्या लागणीला, सगळ्यांनी जन्मभर तेच केलेलं. सावडीला नाही म्हटलं तर उद्या आपल्या बांधावर कुत्रंही येत नाही, हे रक्तातच. मावशींनी बांधलेली भांडी सोडली आणि मोठी घमेली वर आणली.

रविवारी देवाच्या कृपेनं उघडीप होती. अख्खी बिल्डिंग गच्चीवर. बांध फोडायला पहिलं खोरं आत्याबाईंनी स्वतः घातलं आणि घालताना इतका पक्का बांध फोडायचा म्हणून हळहळल्या पण. बुजलेल्या तोंडांतून सोनवणे भाऊंनी हात घालून टरफलं काढली, आणि दर मुठीला वरच्या मजल्यावाल्यांचा जुना हिशेब चुकता केल्यासारखं बोलत होते. पाणी घडघड करत निघून गेलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. सलीमभाईंनी भेगा भरल्या, उतार नीट केला, आणि सिमेंटचा मोठा कोबा दिवाळीनंतर टाकू म्हणाले. चाळीतला कांदा दारोदार वाटला गेला. सावडीचं जेवण म्हणून आत्याबाईंनी पिठलं-भाकरी केली होती, बरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा. वेगळं काही शिल्लकच नव्हतं.

मला वाटलं, सुटलो. पण पिंकीच्या पप्पांचं अजून चालूच होतं. पावसाचा काय भरवसा, खोलीचं बोलणं झालंय, पुढच्या आठवड्यात जाऊ. मी काही बोलणार इतक्यात आत्याबाई बोलल्या.

"जा की. पण आधी समद्यांची सावड फेड. माझ्या हाकेला माणसं राबून गेली, अन् तू न फेडता निघालास तर गावात मी काय तोंड दाखवू?"

ते खाली बसले. मग बोटं मोजायला लागले. प्रत्येक मजला, प्रत्येक दार. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची संपली, तेव्हा ते उठून गॅलरीत गेले आणि तिथून म्हणाले, "आपल्या घराला ही कडी नवीन आणायला लागेल." मी आत जाऊन पदर तोंडात धरून हसले आणि थोडी रडलेही.

तेव्हापासून ते सावड फेडतायत. एका रविवारी पाण्याची टाकी, एकदा सोनवणे भाऊंच्या दारापुढचं गटार, एकदा जिना. फेडायला जावं तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी आमच्याकडं येऊन काहीतरी करून जातं, की सावड परत चढलीच. बंद घराचं कुलूप गेल्या महिन्यात उघडलं. त्यांना त्यांच्या वस्तीत जाऊन कोणी समजावलं नाही. त्यांच्या दारापुढचा जिना दर वेळी आम्हीच झाडतोय, हे कळल्यावर लाजेनं आले.

जाऊबाई, तुम्ही फोनवर दर वेळी विचारता, परत कधी येणार. मला तुमची आठवण येते, रोज येते. इथं भाकरी थापताना बोलायला तुमच्यासारखं कोणी नाही. पण आता मला असं सहज उठून निघता येणार नाही. दारोदार आमचं काम बाकी आहे आणि दारोदारचं आमच्याकडं. यालाच घर म्हणायचं असं मी तरी ठरवलंय. आपल्यासारखे जे कोणी निघून आले आणि अजून जिना सरकारचा म्हणतात, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

दिवाळीनंतर गच्चीवर कोबा टाकायचाय. एकदा नीट बसला की पिंकीच्या पोराबाळांच्या डोक्यावरसुद्धा टिकेल, असं सलीमभाई म्हणतात. तुम्ही आणि दाजी या. पाहुणे म्हणून नको, येताना खोरं आणा. आणि कांद्याच्या लागणीला माणसं मिळत नाहीत म्हणून यंदा अर्धं रान पडीक ठेवू नका. तुमची सावड फेडायला आम्ही अख्खी बिल्डिंग घेऊन येतो.