सुनेच्या नावावर दौलतचं रक्त

"सुनेच्या बोटाले तू हात लावशीन काय गा?"

मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार, ओसरीवर उभे होते. मी खाली अंगणात, चपला हातात घेऊन. खांद्याला मलेरिया खात्याची पिशवी. सत्तरनंतरची गोष्ट. कळमेश्वरच्या बाजूची आठ गावं माझ्याकडे होती. दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं. ज्याला ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायचं, लगेच चार गोळ्या द्यायच्या. पट्टीवर नंबर, रजिस्टरात नाव.

सून आत पांढऱ्या मच्छरदाणीत झोपली होती. तीन दिवसांचा ताप. आमचं घर छप्पनलाच बौद्ध झालं होतं, पण गावाला आमची जात पाठ होती.

"सरकारी नियम आहे," मी म्हणालो.

"मंग याचं घे." त्यांनी सालदाराला, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, हाक मारली. "दौलत, ये इकडं. बोट दे त्याले. आन् तू नाव सुनेचं लिही. रक्त सगळ्याइचं लालच असते नं?"

ओसरीवरचे दोघंतिघं हसले.

दौलत आमच्याच वस्तीतला. माझ्याहून मोठा. मालगुजारांच्या गोठ्यात झोपायचा, पोतं पांघरून. त्यानं बोट पुढं केलं. हात गरम लागला. मला कळलं. मी विचारलं नाही.

"घे गा लवकर, बैलं सोडाची हायेत."

मी रक्त घेतलं. सुनेचं नाव लिहिलं. चार गोळ्या ओसरीच्या कडेवर ठेवल्या, सुनेसाठी. त्या गावातल्या पट्ट्या खात्यानं ठरवलेल्या आकड्याहून कमी पडू नयेत, हीच मला काळजी. आकड्यांचा मी पक्का माणूस. खोटा आकडासुद्धा मी सुवाच्य अक्षरात लिहिला.

पुढच्या फेरीपर्यंत अहवाल आला. सुनेच्या नावावर मलेरिया, तोही जहाल जातीचा. पूर्ण उपचाराच्या गोळ्या घेऊन मी गेलो. सून अंगणात तांदूळ निवडत होती. तिला टायफॉइड होता म्हणे. नागपूरच्या डॉक्टरनं बरी केली.

"दौलत गेला," मालगुजार म्हणाले. "चार दिवस झाले. ताप डोक्यात चढला. तू गोळ्या देल्ल्या म्हणून लिहून टाक, आन् जाय."

मी वस्तीत गेलो. दौलतची बायको कौसाबाई दाराशी बसली होती. रडत नव्हती.

"भाऊ, रक्त त्याचं नेलं होतं नं तू?"

"हो."

"मंग त्याच्या गोळ्या कोणाले देल्ल्या?"

 त्या गोळ्यांनी तो वाचलाच असता असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. पण तो माझ्यासमोर उभा होता, तापलेला, आणि गोळ्या माझ्या पिशवीत होत्या. हे दोन्ही मला माहीत होतं.

कौसाबाईचं अंगही तापलं होतं. मी तिचं रक्त घेतलं, तिचंच नाव लिहिलं आणि माझ्यासमोर तिला गोळ्या घ्यायला लावल्या.

मग ऑफिसात जाऊन लेखी दिलं : ही पट्टी दौलतच्या रक्ताची आहे. रुग्ण मृत. खोटं नाव मी लिहिलं.

साहेबांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "मेल्यावर नाव लिहून काय भेटून राहिलं बे तुले? नोकरी जाईन."

"जाऊ द्या साहेब. नोंद करून घ्या."

नोकरी गेली नाही. खापरखेड्याच्या बाजूला बदली झाली. कौसाबाई जगली. आज मी चाळिशी ओलांडली आहे, याच कामावर आहे.

मालगुजारांना मी माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. ज्याला ताप, त्याच्याच बोटाला मी हात लावतो. लावू दिला नाही, तर तो नकार घरमालकाच्या नावानिशी रजिस्टरात जातो. आणि कोणत्याही घरात पाय ठेवला की आधी तिथं राबणाऱ्या माणसाला विचारतो, "तुले ताप हाये काय?" उत्तर मिळेपर्यंत मी हलत नाही. कोणी कितीही निघ म्हणो.