प्रमिलाबाईंच्या बोटाची पट्टी

खर्डीच्या बाजारात प्रमिलाबाई बोटाला जाडजूड पट्टी बांधून भाजी घ्यायला आल्या, तेव्हा तासाभरात तीन कथा तयार झाल्या. एकीत नवऱ्याशी भांडण होतं, दुसरीत विळी. तिसरी मीच रचलेली, ती इथे सांगण्यासारखी नाही. खरी हकीगत तिन्हींपेक्षा सरस निघाली.

बाई मूळच्या मुरबाडच्या. आमच्याकडच्या शाळेत त्यांना अकरा वर्षं झाली, पण एका जागी दोन मिनिटं थांबतील तर शपथ. चहासुद्धा फिरत पितात. वर्गात प्रश्न विचारला की उत्तरही स्वतःच देऊन मोकळ्या. पोरांना ते सोयीचंच होतं.

भाद्रपदात शहापूरला शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं. प्रत्येकाने आपल्या वर्गाचं फोनवर चित्रण करून आणायचं होतं. तिथे शिकवणाऱ्या सरिता मॅडमनी बाईंना त्यांचंच चित्रण दाखवलं. दहा मिनिटांत चौतीस प्रश्न, त्यांतल्या एकतिसांची उत्तरं बाईंचीच. मॅडम एवढंच म्हणाल्या, "प्रश्न विचारल्यावर मनात पाच मोजा, बाई."

चौतीस प्रश्नांचं बाईंना हसू आलं असतं. पण त्या चित्रणात भिमी होती. कातकरवाडीतली, तिसरीतली ही पोर दोन वर्षांत वर्गात एक शब्द बोलली नव्हती. बाई तिच्याकडे वळल्या, तिचे ओठ जरा हलले, आणि बाई पुढे गेल्यासुद्धा. ते पाहिल्यापासून बाईंना चैन पडेना. दिवाळीनंतर भिमीची आई ठकू बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर कामाला जाणार होती. त्याआधी पोरीला बोलती करायचीच, असं त्यांनी मनावर घेतलं.

पाच मोजणं म्हणजे बाईंना शिक्षाच. तीनला पाय हलायचा, चारला बांगड्या वाजायच्या. भिमी गप्प. बाईंनी पाचाचे दहा केले. बाईंना बरं वाटत नसावं असं समजून पोरं पाणी घेऊन आली.

शेवटी त्या तणतणत ठकूच्या झोपडीवर गेल्या. घरात भिमीची बडबड चालली होती, बाईंना बघून थांबली. बाईंनी गाऱ्हाणं मांडलं. ठकूने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमाला ठाऊक असतंय, तरी इचारता," ती म्हणाली. "आमच्या घरात असं इचारलं तर पोर म्हनते, थट्टा करतात. कशाला बोलंल ती?"

घरी जाईपर्यंत बाई स्वतःशीच पुटपुटत होत्या, हे मी माझ्या घराच्या ओट्यावरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटूनच ठेवलं. "भिमे, बिळात खेकडा आहे की नाही, कसं ओळखायचं गं? मला खरंच माहीत नाही."

बाई मनात चारवर पोहोचल्या होत्या, तोच भिमी बोलली.

"भायेर ताजी माती असली का हाय. गुळगुळीत असलं तर हात नाय घालायचा. साप असतो."

बाईंनी शब्दन् शब्द फळ्यावर लिहिला. भिमीने बोट फिरवत आपलंच बोलणं वाचलं, अडखळत पण शेवटपर्यंत. मग वळून विचारलं, "बाई, तुमी घातलाव का कदी हात?" आणि थांबली. पाचापेक्षा जास्त थांबली.

रविवारी दोघी बांधावर गेल्या. खेकड्याने काय उत्तर दिलं, ते बाजाराने पाहिलंच.

दिवाळीनंतर ठकूचं बिऱ्हाड गेलं. भिमीच्या पिशवीत तिच्याच बोलण्याची अकरा पानं बाईंनी लिहून दिलेली. तेव्हापासून बाईंचं फिरणं दुप्पट झालंय. भट्टीजवळ शाळा आहे का, असेल तर तिथल्या बाई प्रश्न विचारून थांबतात का, याची फोनवर चौकशी करत दिवसातून तीनदा माझ्या ओट्यापुढून जातात.

परवा मी विचारलं, "पोरीचा काही निरोप?"

मीही मनात पाच मोजले.

"काका, तुम्ही कशाला विचारता? तुम्हाला सगळं आधीच ठाऊक असतं," म्हणून त्या निघून गेल्या.

या वेळी मात्र मला खरंच ठाऊक नव्हतं.