इस्पिकची राणी दोनदा पडली तेव्हा

“चित्र चांगलं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी आनंदाने पर्समधून चॉकलेट काढलं. एवढं जर्मन मला येतं. पुढचं वाक्य मात्र लांबलचक निघालं. ते ऐकताना माझ्या सुनेचा, मेघनाचा, चेहरा उतरत गेला, तसं मी चॉकलेट परत पर्समध्ये ठेवलं.

माझा नातू ओजस समोर पलंगावर बसला होता. वय चोवीस, खांदे दाराएवढे, अंगात चिखलाने माखलेली बावन्न नंबरची जर्सी. स्टुटगार्टमधल्या एका संघात तो पगारी खेळाडू होता. खेळ अमेरिकन फुटबॉल. पायाने खेळतात तो नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात तो. ओजस बचावात, लाइनबॅकर. म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवं पाडायचं. मला विचाराल तर ती कबड्डीच, फक्त सामान जास्त.

त्या रविवारी एकाला आडवं पाडताना ओजसचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळलं. उठला तो समोरच्या संघाच्या बाकाकडे चालू लागला. तिथून थेट इस्पितळ.

निदान झालं कन्कशन. कन्कशन म्हणजे कवटीच्या आत मेंदूला बसलेला हादरा. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव झाला असेल तर दिसतो, हादरा दिसत नाही. म्हणून चित्र चांगलं आणि मुलगा वाईट. जर्मन लोक याला ‘गेहिर्नएरश्युटेरुंग’ म्हणतात. हा शब्द उच्चारताना मला स्वतःलाच थोडी चक्कर येते.

“याआधी कधी डोक्याला असा मार लागलाय?” बाईंनी विचारलं.

“नाही,” ओजस म्हणाला.

फार पटकन म्हणाला. इतकं पटकन उत्तर आयुष्यात मी एकदाच दिलं होतं, म्हणून मला ते ओळखू आलं. तरी मी गप्प बसले. ही माझी पहिली चूक. तुमच्या घरात कुणी असलं काही खेळत असेल, तर तुम्ही ती करू नका.

पहिले दोन दिवस पडदे ओढलेले. मोबाइल नाही, टीव्ही नाही. भांडं पडलं तरी तो डोकं धरायचा. मी कुकरच्या शिट्टीवर बंदी घातली आणि वरण उघड्या पातेल्यात शिजवलं. माझा मुलगा श्रीरंग नोकरीसाठी आठवडाभर वाल्डॉर्फला असतो. तो रोज फोन करून विचारायचा, “जेवला का?” जेवत होता. त्याने मला जास्त काळजी लागली, कारण कारल्याची भाजीसुद्धा निमूटपणे जेवत होता.

आठवड्याने बाईंनी थोडी मोकळीक दिली. फिरणं, हलकं वाचन, बैठे खेळ. डोकं दुखलं की थांबायचं. पुढचा रस्ताही त्यांनी सांगितला. त्रास पूर्ण थांबला की आधी सायकल, मग धावणं, मग धक्काबुक्कीशिवाय सराव, आणि शेवटी बेसलाइन टेस्ट. बेसलाइन म्हणजे मूळपट्टी. हंगामाआधी, डोकं धड असताना, संघात प्रत्येकाची संगणकावर परीक्षा घेतात. शब्द लक्षात ठेवा, आकृत्या जुळवा, किती वेळात बटण दाबता ते पाहा. मार लागल्यावर तीच परीक्षा पुन्हा. दोन्ही निकाल जुळले तर खेळायला मोकळा. बाद फेरीला तीन आठवडे होते आणि ओजसने ते बोटांवर मोजून ठेवले होते.

आमच्याकडे बैठा खेळ एकच, पाच-तीन-दोन. मेघना, ओजस आणि मी. मेघनाचं होमऑफिस संपलं की पाच वाजता चहा आणि पत्ते. ओजस सात वर्षांचा असल्यापासून खेळतोय.

आता एक कबुली. मी पत्त्यात लबाडी करते. पन्नास वर्षं करते आहे. माझी खास युक्ती अशी: हातातली एखादी अठ्ठी गुपचूप जिंकलेल्या पत्त्यांच्या ढिगात सारायची, ढिगातली इस्पिकची राणी उचलायची आणि ती पुन्हा खेळायची. या युक्तीने मी नवऱ्याला, दोन नणंदांना आणि एका निवृत्त न्यायाधीशांना हरवलं आहे. ओजसला कधीच हरवता आलं नाही. राणी टेबलावर टेकायच्या आत त्याची पकड माझ्या मनगटावर. “आज्जी, ती तर गेली!” ते तो जर्मनमध्ये म्हणतो. मराठी सगळं समजतं त्याला, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तुमच्या सोयीसाठी त्याचं बोलणं मी इथे मराठी करून लिहिते आहे. मनगटाची पकड मीच शिकवली आहे त्याला.

त्या दिवशी त्याने एका डावात तीनदा विचारलं, “हुकूम काय आहे?”

मी मेघनाकडे पाहिलं. ती चहा ढवळत राहिली. ती बिनसाखरेचा पिते.

मग मी राणी दुसऱ्यांदा टाकली. अगदी सावकाश, त्याला दिसेल अशी. त्याने तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि आपला दश्शा टाकला. हात माझा झाला. पन्नास वर्षांत इतका नकोसा हात मी उचलला नव्हता.

त्या दिवसापासून मी रोज एकदा राणी दोनदा टाकू लागले. मेघनाला तेवढं सांगितलं. “आई, त्यालाच सांगा ना,” ती म्हणाली. मी म्हटलं, “अगं, हा माझा थर्मामीटर आहे. सांगितलं तर तो लक्ष ठेवून बसेल, आणि मग मला त्याचं लक्ष कळेल, ताप नाही कळायचा.” मी रोज जिंकत होते. असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

आणि मग एका गुरुवारी तो संघाच्या कचेरीतून नाचत आला. टेस्ट पास! निकाल वसंतातल्या निकालाशी तंतोतंत जुळला. फक्त सोमवारी बाईंची सही आणायची, की शनिवारी मैदानात.

संध्याकाळी राणी दोनदा पडली. त्याला कळलं नाही.

मेघना स्वयंपाकघरात गेल्यावर मी त्याला पकडलं. “ओजस, तुला हुकूम आठवत नाही. तुझा संगणक म्हणतो तू ठणठणीत. दोघांतलं कोण खोटं बोलतंय?”

आधी हसला. मग म्हणाला, “आज्जी, वसंतात ती टेस्ट कुणी मन लावून देत नाही. थोडं चुकायचं, थोडं उशिरा बटण दाबायचं. मूळपट्टीच खाली ठेवली की नंतर अडचण येत नाही.”

“आणि ‘याआधी कधी नाही’ म्हणालास ते?”

“मे महिन्यात एकदा. दोन दिवस सगळं धूसर होतं. कुणाला कळलं नाही.” आणि मग अभिमानाने, अगदी खांदे रुंदावून: “तू नाही का, तुला दोन-दोन दिसत होत्या तरी खेळलीस?”

इथे मला माझ्याबद्दल सांगावं लागेल, आणि ते फारसं शोभादायक नाही. मी कॉलेजात असताना मिरजेत कबड्डी खेळायचे. डावा कोपरा. दोन वेण्या, सडपातळ बांधा आणि आपण मागे हटलो तर सांगली जिल्हा कोसळेल असा समज. अंतिम सामन्यात माझं डोकं जमिनीवर आपटलं. कप्तानाने विचारलं, “बरी आहेस ना?” मी पटकन म्हटलं, “हो.” पुढची गोष्ट ओजस पाळण्यात असल्यापासून ऐकतोय: आज्जीला दोन चढाईवाल्या दिसल्या, त्यातली खरी कुठली ते आज्जीने बरोबर ताडलं, घोटा पकडला आणि सामना जिंकला. ही गोष्ट मी त्याच्या शाळेत, त्याच्या वाढदिवसाला, एकदा तर त्याच्या अख्ख्या संघासमोरही सांगितली आहे. साक्षीदार सगळ्या मिरजेत आणि मी जर्मनीत. थाप मारायला याहून सोयीचं अंतर नाही.

“अरे गाढवा,” मी म्हटलं, “तो घोटा आमच्याच सुमनचा होता.”

त्याचे रुंदावलेले खांदे खाली आले.

“मी सुमनला धरून ठेवलं, जीव खाऊन. ती ओरडतेय, ‘सोड गं बये!’ आणि चढाईवाली आम्हा दोघींना शिवून आरामात परत गेली. आम्ही हरलो. पुढे चार महिने माझं डोकं दुखत होतं. शिट्टी वाजली की ओकारी यायची. वार्षिक परीक्षेत हिशेबशास्त्राचा पेपर समोर आला आणि मला आकडे वाचता येईनात. कोरा देऊन उठले. घरी सांगितलं, अभ्यासाचा कंटाळा आला. लग्नामुळे खेळ सुटला म्हणते ना मी? लग्न त्यानंतर दीड वर्षाने झालं. तोवर मी घाबरून मैदानाच्या गल्लीतूनसुद्धा जात नव्हते.”

“मग खोटं का सांगितलंस?”

“कारण खऱ्यात मी मूर्ख दिसते.”

मग मी म्हटलं, “सोमवारी तू सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन. माझ्या जर्मनमध्ये. आणि ते ऐकायला फार भयंकर असतं, तुला माहीत आहे.”

सोमवारी प्रतीक्षा-खोलीत आम्ही चाळीस मिनिटं बसलो. त्याचा गुडघा सारखा हलत होता. मी त्यावर हात ठेवला तर हातही हलू लागला. आत बाईंनी कागद पाहिला, पेन काढलं. “सगळं छान दिसतंय. काही सांगायचंय?”

मी घसा खाकरला. “फ्राउ डॉक्टर, माइन एंकेल...” म्हणजे ‘माझा नातू’, एवढ्यापर्यंतच पोचले.

“नको आज्जी,” ओजस म्हणाला. आणि त्याने सगळं सांगितलं. मे महिन्याचंही, टेस्टचंही.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “पहिला हादरा पुरता भरून येण्याआधी दुसरा बसला आहे. आता तिसरा लगेच बसला असता तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. सांगता येत नाही हीच भीती आहे.” मग त्यांनी न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट सांगितली. म्हणजे स्मृती, लक्ष, विचारांचा वेग यांची कसून तपासणी, माणसासमोर बसून, तीन तास. तिथे काही लपलं नाही. हंगाम संपला. पुढच्या हंगामाचं काय, याला बाईंचं उत्तर होतं: “बंदी मी घालणार नाही. माझा सल्ला मात्र ‘नको’ असा आहे. निर्णय तुमचा.”

बाद फेरीचा सामना त्याच्या संघाने त्याच्याशिवाय खेळला आणि हरला. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मला हे लिहायला हवं, कारण खरं सांगितल्यावर लगेच बरं वाटतं असा समज कुणी करून घेऊ नये. बरेच दिवस वाटत नाही.

पण पाच वाजता तो पत्त्यांना आला. रोज आला. सप्टेंबरभर आला. डोकेदुखी गेली, झोप लागू लागली, कारलं पुन्हा नाकारलं गेलं. पुढच्या वर्षी आपण खेळणारच, असं तो फोनवर मित्रांना सांगू लागला. मला आता काही होत नाही, मी कधीचा बरा आहे, म्हणायचा. राणी रोज दोनदा पडत होती.

ऑक्टोबरच्या मध्यावर, बाहेर पानगळ आणि घरात कांदेपोहे, मी नेहमीसारखी अठ्ठी आत सारली, राणी उचलली, टेबलाकडे नेली.

मनगटावर पकड बसली. घट्ट, सांडशीसारखी.

“आज्जी! ती तर गेली!”

मेघनाने हातातले पत्ते टेबलावर टाकले आणि तोंडाला पदर नव्हता म्हणून नॅपकिन लावला. ओजस तिच्याकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. त्याने माझा हात सोडला नाही. लाइनबॅकरचं कामच ते, समोरच्याच्या चेहऱ्यावरून डाव ओळखायचा.

“किती दिवस टाकतेस तू ही?” त्याने हळूच विचारलं.

“जुलैपासून. रोज.”

“रोज? माझ्यासमोर?”

“तुझ्या नाकासमोर, राजा.”

तो राणीकडे बघत बसला. आपण बरे आहोत असं तो ज्या-ज्या दिवशी म्हणाला होता, ते सगळे दिवस बहुधा त्याला एकदम दिसले असावेत. पोहे गार झाले. मग तो उठला, आतल्या खोलीतून बावन्न नंबरची जर्सी घेऊन आला आणि माझ्या मांडीवर ठेवली. “मार्चमध्ये सराव सुरू होईल, मी जाणार नाही,” म्हणाला. तेवढंच.

ती जर्सी मी थंडीत नऊवारीवर घालते. शेजारच्या आजीबाईंना वाटतं मी संघात आहे. मी नाही म्हणत नाही.

डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेतच. पेनाला टोपण लावणारे डॉक्टर सगळ्यांना मिळोत. तुमच्या घरातलं कुणी ‘बरा आहे’ म्हणालं, तर त्याच्याशी रोज काहीतरी खेळा, आणि तुमच्या मिरजेच्या गोष्टी एकदा तपासून घ्या.

त्या दिवशी ओजसने पत्ते गोळा केले, पिसले आणि वाटले. मग माझ्याकडे न बघता, चक्क मराठीत म्हणाला, “आज्जी, दोन्ही हात टेबलावर.”