तिसरी परमिट रूम

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कोणी असलं काही सांगू लागलं की मी आधी विचारतो, "रात्री नीट जेवला होतास ना?" तरीही आज हे लिहितोय... कारण इतकी वर्षं डोकं खाजवून टक्कल पडलं, पण पत्ता लागला नाही.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी मलकापूरला एका कापूस व्यापाऱ्याकडे कारकून होतो. शेठना मुंबईत एका परदेशी गिऱ्हाइकाला वाईन पाजायची होती. दारूबंदीचा काळ, वाईन मिळायची ती परमिट रूममध्येच — आणि त्यातली चांगली कोणती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "मुंबईचे दलाल फोन करतील. नावं लिहून घे आणि आधी जाऊन बघून ये," म्हणाले.

बुधवारी दुपारी ट्रंक कॉल आला. दलाल गुजराती, पण हा आवाज अस्सल वऱ्हाडी! वाटलं, ठेवला असेल आपल्याकडचा कोणी. तीन परमिट रूमची नावं-पत्ते सांगून तो पुढं म्हणाला,

"लिहून घे. पहिल्या ठिकानी वाईन बरी, पन कल्ला लय. दुसरं नुसतं दिसाले चांगलं. तिसरं फोर्टात, इराण्याच्या मागं, लहानसं हाये — तिथं जाजोच. अन् काउंटरवाल्याले सांगजो, इतवारच्या आत घरी पोच."

मी तेही लिहिलं. धंद्यातला निरोप असेल, आपल्याला काय!

खरं तर माझं लक्षच नव्हतं. त्याच रविवारी उंद्रीला, आमच्या घरी, काकांचं क्रियाकर्म होतं. वडिलांनी दारूवरून हाकललं तेव्हा काका गेले ते गेलेच. बारा वर्षं पत्ता नाही, म्हणून रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. आणि एकदा तो जळाला की काकूचं कुंकू पुसायचं. काकू महिनाभर कोणाशी बोलली नव्हती. मला फार वाईट वाटायचं, पण घरात माझं ऐकतो कोण?

शुक्रवारी मुंबई. पहिली दोन ठिकाणं फोनवर सांगितली तश्शीच निघाली. तिसऱ्यात पाऊल टाकलं तर खाली गालिचा! गालिचा मी फक्त लग्नात पाहिलेला. सवयीनं चपला दारात काढल्या आणि अनवाणी आत गेलो. काउंटरमागचा म्हातारा खो खो हसला.

"अबे, चपला घाल. देऊळ व्हय का हे?"

फोर्टात 'व्हय का'! मी विचारलं, "तुम्ही कुठले हो?"

"उंद्रीचा. चिखली तालुका. अन् तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. म्हातारा मटकन खाली बसला. मी कागदावरचा निरोप वाचून दाखवला, तर रडूच लागला.

"कोनं सांगतलं बे तुले? मी कोनालेच पत्ता नाही देल्ला!"

"काका, ते राहू द्या. परवा काकूचं कुंकू पुसनार हायेत."

शनिवारची गाडी धरली. रविवारी पहिल्या एसटीनं उंद्री. अंगणात पुतळा तयार, भटजी बसलेले, वडील खाली मान घालून. काकू कोपऱ्यातून उठली. काकांकडे तिनं कितीतरी वेळ पाहिलं. मग तो पुतळा उचलला आणि सरळ गाईपुढे टाकला. गाईनं खाल्ला. भटजी बघतच राहिले.

नंतर मी दलालांना गाठलं. ते म्हणाले, "मी फोन केलाच नाय. बुधवारे तुमचा लाइनच नाय भेटला." टेलिफोन ऑफिसात चौकशी केली — बुधवारी सकाळपासून अंधार पडेपर्यंत मुंबईची लाइन बंद होती. मग माझ्याशी बोललं कोण? काकांचा पत्ता त्याला कसा ठाऊक, रविवार कसा ठाऊक? एकेका ओळखीच्या माणसाचा आवाज आठवून पाहिला. एकही जुळला नाही.

काकूलाही एकदा विचारलं. ती काकांसमोर बसून शेंगा फोडत होती.

"तू काऊन शोधून राह्यला बापा?" ती म्हणाली. "मले ज्याहिले शोधाचं होतं, ते सापडले."