डागमावशीने पुसलेली मान

माझ्या मावशीला सगळी गल्ली डागमावशी म्हणायची, तेही तोंडावर. तिला त्याचा राग नव्हता, उलट थोडी मिजासच होती. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत तिचं उतरतं टेबल होतं. टेबलाला मधोमध काच, काचेखाली दिवा, वर निगेटिव्ह आणि मावशीच्या हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. तीळ, मुरमं, व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, जे असेल ते ती निगेटिव्हवरच भरून टाकायची. कोळसा उगाळावा तितका काळाच, पण डागमावशीकडे दिला तर उजळतो, असं दूधवाला म्हणायचा. त्याने स्वतःचा फोटो तिच्याकडून करून घेतला, तेव्हा बायकोने विचारलं, "हा कोण आणलात?"

मला मावशीनेच वाढवलं. माझी आई म्हणजे तिची धाकटी बहीण. वडील मी जन्मायच्या आधीच गेले आणि आई खाडीपलीकडच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली. सुटीला ती बोटीने यायची. मी चार वर्षांची असताना ती बोट बुडाली. 'ती बोट' एवढं म्हटलं की आपल्या देशात कुणी पुढे विचारत नाही. घराघरातलं कुणी ना कुणी तिच्यात होतं. दरवर्षी त्या दिवशी भोंगा वाजतो, झेंडा अर्ध्यावर येतो, पुढारी गळा काढतात आणि दुसऱ्या दिवशी बोटीत पुन्हा माणसं कोंबून भरतात.

आई सापडलीच नाही, असं मला सांगण्यात आलं.

तिच्या दोनच गोष्टी मी जिवापाड जपल्या. एक फोटो, लग्न जमवण्यासाठी स्टुडिओच्या थोरल्या मालकांनी काढलेला. तो इतका छान आला होता की नमुना म्हणून कित्येक वर्षं स्टुडिओच्या शोकेसमध्ये होता. चेहरा जरा वळलेला, मान लांब आणि साफ. दुसरी गोष्ट म्हणजे आठवण. झोपताना मी आईच्या मानेत हात घालायचे आणि बोटांना काहीतरी खरबरीत, चुणीचुणीचं लागायचं. तेच चाचपत मला झोप यायची.

मोठी झाल्यावर मी मावशीला विचारलं होतं. ती म्हणाली, "काहीतरीच! केवढीशी होतीस तू. उशीची शिवण लागली असेल हाताला."

फोटोत तर मान स्वच्छ दिसत होती. फोटोपुढे चार वर्षांच्या पोरीच्या बोटांवर कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा ठेवला नाही. आईची म्हणून एवढी एकच आठवण होती, ती मी स्वतःच खोटी ठरवून टाकली.

यंदा धक्क्याजवळ स्मारक बांधलं. तिथल्या भिंतीवर गेलेल्या प्रत्येकाचा फोटो लागणार होता, म्हणून नातेवाइकांनी फोटो आणून द्यावेत असं जाहीर झालं. मी आईचा फोटो घेऊन गेले. आतल्या खोलीत, ओळख न पटलेल्यांचे तेव्हा पोलिसांनी काढलेले फोटो काचेखाली मांडले होते. चेहरे बघवण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांवर कागद चिकटवलेले. मी भराभर पुढे चालले होते. एका फोटोपाशी पाय थांबले. कागदाच्या कडेखाली जबड्याचा कोपरा दिसत होता आणि त्याखाली भाजल्याचा जुना, चुणीदार व्रण. थोडासाच, कारण पुढे चादर होती.

माझी बोटं माझ्या आधी ओळखून बसली.

तिथल्या बाईंना मी विचारलं, यांना कुठे पुरलं? त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांना एकत्रच पुरलं हो. आता नाव कळलं तरी जागा नाही सांगता येणार."

फोटो न देताच घरी आले तेव्हा मावशी नखं कापत बसली होती.

"मावशी, आईच्या मानेवर काय होतं?"

"किती वेळा तेच तेच..."

"मी बघून आलेय."

तिने नेलकटर खाली ठेवलं. मग एकदम सुरू झाली.

"लहानपणी अंगावर उकळतं पाणी सांडलं होतं तिच्या. लग्न जमवायच्या फोटोत तो डाग दिसला असता तर स्थळ दारातूनच परत गेलं असतं. म्हणून पुसला. मग लग्नातल्या फोटोंत पुसला. तुला मांडीवर घेतलंय त्यातही पुसला. एकदा पुसला की पुढे पुसावाच लागतो गं."

"आणि बोट बुडाली तेव्हा?"

"तुला गोवर आलेला, ताप उतरेना. धाकटे मालक म्हणाले, मी जातो, फोटो द्या. थोरले वारल्यावर ते नुकतेच आले होते. तुझ्या आईला त्यांनी फक्त शोकेसमध्ये बघितलेलं. मी फोटो दिला. मला वाटलं, फोटो दिला म्हणजे सगळं दिलं. डागाचं डोक्यातच आलं नाही. पुसून पुसून मीच विसरले होते."

ती थांबली. खाली ठेवलेलं नेलकटर मिटून डबीत टाकलं.

"परत आल्यावर माझीच समजूत घालत होते ते. म्हणाले, 'एक बाई अगदी तशी वाटत होती. पोलिसांचे साहेब म्हणाले, नीट बघा. पण मी ठामपणे सांगितलं, आमच्या बाईंची मान साफ आहे.' मी तशीच तुला खांद्यावर टाकून निघाले. पोचले तेव्हा वर माती ओढून झाली होती."

मला संताप आला. चूक कुणाच्याही हातून होते, पण त्यानंतरची इतकी वर्षं?

"उशीची शिवण?" मी ओरडले. "माझ्या आईला तू उशीची शिवण केलंस!"

तिने मान खाली घातली. नंतर कितीतरी दिवस आमच्या घरात भांडीच काय ती वाजत होती.

फोटो देण्याची मुदत संपत आली तेव्हा मी आईचा फोटो, ब्रश आणि रंग तिच्यापुढे आणून ठेवले. जुन्या निगेटिव्ह स्टुडिओबरोबरच भंगारात गेल्या होत्या.

"काढ," मी म्हटलं.

"हात हलतो माझा. आणि आयुष्यभर मी घालवायलाच शिकले, आणायला नाही."

"काढ."

तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि जबड्याच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. कानाखाली थोडं उतरली आणि ब्रश उचलला.

"पुढे कसा जात होता ते आठवत नाही मला," ती म्हणाली. "सख्खी बहीण माझी, आणि आठवत नाही."

मी तिच्या शेजारी बसले. डोळे मिटले आणि झोपताना घालायचे तसा तिच्या मानेत हात घातला. बोटं आपोआप चालायला लागली. "इथून खाली. इथे जाड होता. इथे वळला. मग या हाडापर्यंत, आणि इथे संपला." माझ्या हाताखाली मावशीचा गळा हुंदक्याने हलत होता. मी हात काढला नाही.

मग तिने उरलेला डाग काढला. एकही रेघ चुकली नाही. मी फोटो हातात घेतला आणि पहिल्यांदा मला माझी आई दिसली.

"रंग ओला आहे, हात लावू नकोस," मावशी म्हणाली.

मी आधीच लावला होता. कागद गुळगुळीतच होता.