चवरीवाल्याची नजर

बायको गेल्यापासून घरात भिंतीच फार दिसायला लागल्या होत्या. म्हणून नव्या पेठेतल्या एका फ्रेमवाल्याकडे टांगलेलं जुनं विलायती छापचित्र मी विकत घ्यायला गेलो. चित्रात राजाचा दरबार, पगड्यांच्या रांगा आणि टोपी काढून वाकलेला गोरा साहेब.

समोरच्या बाकावर स्वच्छ धोतर नेसलेला एक म्हातारा बसला होता. शेजारी रिकामी पिशवी. चित्राकडे बघून त्याने हात कपाळाला लावला.

“रोज येतात, घेत काहीच नाहीत,” दुकानदार पुटपुटला.

मला हसू आलं. “काय मामा, राजाला मुजरा का?”

“राजाला कशाला? त्येला बगायला एवढी मानसं हायती की! त्येच्या मागं चवरी घिऊन हुबा हाय न्हवं, त्येला. समदी राजाकडं बगत्यात. त्यो एकलाच माज्याकडं बगतोय.”

चष्मा पुसून पाहिलं. खरंच होतं. चित्र घ्यायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. म्हाताऱ्याने पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून मला जागा दिली.

तिथूनही चवरीवाला थेट माझ्याकडेच बघत होता.