पाण्याबरोबर चालत गेलेली माझी जाऊ

माझ्या नातीने, सायलीने, पुलाच्या साइटवरची इंजिनिअरची नोकरी घ्यायची नाही असं काल आमच्या घरात ठरलं.

आणि ठरलं कुठे? वसूच्या हार घातलेल्या फोटोखाली बसून, चहा पीत.

लाज वाटायला हवी होती.

नमस्कार. आज वसूचा दहावा.

वसू म्हणजे माझी धाकटी जाऊ. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. तिच्याआधी त्या ऑफिसात बाई यायची ती फक्त झाडायला.

लोक मला विचारायचे, तुमची जाऊ घरी काय करते हो? मी सांगायचे, झोपते. दिवसभर कालव्यावर उन्हात उभी असते, दुसरं काय करणार?

मी चौथी पास. तिचं काम मला एकदाच नीट कळलं.

नवीन कालव्याला पहिल्यांदा पाणी सोडायचं होतं. आम्ही सगळे बघायला गेलो.

नारळ फोडायची वेळ आली. बाईने नारळ फोडायचा नसतो, म्हणून कॉन्ट्रॅक्टरने तो तिच्या नवऱ्याच्या हातात दिला. "साहेब, तुमच्या हस्ते."

भाऊजी म्हणाले, "साहेब ती आहे. मी शाळेत भूगोल शिकवतो."

वसू वाकून गेटचं चाक तपासत होती.

तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "नारळ कोणीही फोडा. गेट मी उघडणार."

आणि चाक तिनेच फिरवलं.

पाणी सुटलं तसे लोक हार घेऊन तिला शोधायला लागले. बाई जागेवर नाही.

पदर खोचून कालव्याच्या काठाने पाण्याबरोबर चालत निघालेली. कुठे गळतंय का, कुठे भराव खचतोय का, बघत. मी मागून जीपमध्ये.

शेवटच्या गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथला एक म्हातारा तिलाच विचारतो, "सायेब कुठं हाय?"

वसू म्हणाली, "पाणी आलं ना बाबा? मग साहेबाचं काय काम?"

मी देवळात हात जोडतानाही इकडेतिकडे बघते. त्या दिवशी तिच्यावरून नजर हलली नाही.

पुढे ती एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाली. ती आली की माणसं उठून उभी राहायची. भाकरी मात्र शेवटपर्यंत वाकडी.

संदीप, तू सायलीचा बाप. तू म्हणतोस साइटवर पुरुष मुलीचं ऐकत नाहीत. वसूचंही नव्हते ऐकत. म्हणून ती घरी बसली नाही.

वसू, जा आता निवांत. इकडचं मी बघते.

या पोस्टखाली हात जोडलेली चित्रं टाकू नका. संदीप, तूही काही लिहू नकोस.

पेठ रोडच्या पुलाच्या कामावर सोमवारी हजर व्हायचं की नाही, ते सायलीने सांगायचं. फक्त सायलीने.